खाऊचा डबा : द्राक्षं, सालं आणि बिया

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती, की यंदाची पहिली द्राक्षं तोंडात टाकल्यावर तुम्हाला काय आठवलं ते कळवा. मला वाटलं येतील चार-पाच पत्रं आणि सगळी दहावीच्या परीक्षेची असतील, कारण आपल्याकडे द्राक्षं आणि बोर्डाची परीक्षा बरोबरच येतात आणि अभ्यासाला बसलेल्या पोराच्या टेबलावर धुतलेल्या द्राक्षांची वाटी नेऊन ठेवणं ही आईची ठरलेली ड्यूटी. पण पत्रांतून भलतंच काय काय निघालं. पानं तेवढीच आहेत म्हणून चारच घेतेय, त्यातही पहिल्याला जास्त जागा दिलीये, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळचा बेळगावचा, गेली बावीस वर्षं न्यू जर्सीत आहे. गेल्या सप्टेंबरात बायकोबरोबर इथल्या बाजारात गेलो होतो, शेतकरी स्वतः येऊन विकतात तसला बाजार, एका स्टॉलवर छोटी काळीनिळी द्राक्षं होती, कॉनकॉर्ड अशी पाटी होती, विकणाऱ्या बाईने एक चाखायला दिलं. तोंडात टाकलं आणि खरं सांगतो ताई, मी तिथे नव्हतोच. मी बंगलोरला मल्लेश्वरममध्ये मावशीकडे होतो, दिवाळीच्या सुट्टीत, लाल फरशीवर मांडी घालून बसलेला, मधे स्टीलची ताटली, तिच्यात सालांचा ढीग आणि समोर मावसभाऊ जांभळी जीभ काढून दाखवतोय. मावशीला जाऊन एकोणीस वर्षं झाली, ती गेली तेव्हाही मला इतकं भरून आलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, स्टॉलवाली घाबरली, तिला वाटलं मला अ‍ॅलर्जी आहे. बायको म्हणते तू ओव्हरअ‍ॅक्टिंग करतोस, हिरवी द्राक्षं आपण दर आठवड्याला आणतो तेव्हा कुठे जाते तुझी मावशी. मला एवढंच विचारायचंय की हे झालं काय, आणि बंगलोरची ती द्राक्षं आणि ही एकच का?
— बेळगावकर, न्यू जर्सी

उत्तर : आधी वहिनींना सांगा की ओव्हरअ‍ॅक्टिंग अजिबात नाही, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच वाक्यात आहे. हिरवी द्राक्षं तुम्ही दर आठवड्याला आणता ना, मग झालं तर. ती चव रोज वापरातली, तिच्यावर न्यू जर्सी आलं, ऑफिसचा डबा आला, टीव्हीसमोरचा बाऊल आला. मावशीकडच्या द्राक्षाची चव तुम्ही त्यानंतर घेतलीच नाहीत, तर ती जशीच्या तशी पडून राहिली, कपाटात डांबरगोळ्या घालून ठेवलेल्या पैठणीसारखी. निदान मला तरी हे असंच दिसतं.

आता द्राक्ष कुठलं ते. मावशीकडचं द्राक्ष म्हणजे बंगलोर ब्लू, याबद्दल मला काडीची शंका नाही आणि ती खात्री तुमच्या ताटलीतल्या सालांनी पटवली. आपली नाशिक-सांगलीची हिरवी द्राक्षं चावली की साल आणि गर बरोबरच तुटतं, साल वेगळं काढायचं म्हटलं तर नखाने सोलत बसावं लागेल. बंगलोर ब्लूचं तसं नाही. मणी ओठांत धरून नुसता दाबला की आतला हिरवट गोळा सुळ्ळकन जिभेवर येतो आणि जाड, काळं, तुरट साल बोटात राहतं, लहान मुलांना यात खाण्यापेक्षा खेळच जास्त. म्हणून ढीग लागतो सालांचा. जांभळी जीभ पण त्याचीच, कारण रंग सगळा सालात असतो, पोरं शेवटी सालं पण चोखतातच.

हे द्राक्ष बंगलोर ग्रामीण, चिक्कबळ्ळापूर, कोलार या बाजूला पिकतं. त्याच्या रक्तात अमेरिकेतल्या रानद्राक्षाचा अंश आहे, लॅब्रुस्का म्हणतात त्या जातीला. आणि तुमचं कॉनकॉर्ड पण त्याच घराण्यातलं, मॅसॅच्युसेट्समध्ये कॉनकॉर्ड नावाचं गाव आहे तिथे इफ्रेम बुल नावाच्या माणसाने 1849 मध्ये रानद्राक्षाच्या बिया लावून लावून ते काढलं. म्हणजे दोन्ही एक नाहीत, पण चुलत बहिणी धरा. आणि चुलत बहिणींचा आवाज फोनवर सारखाच येतो तसं झालं तुमचं.

तो आवाज म्हणजे मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं एक द्रव्य. लॅब्रुस्का घराण्यात ते भरपूर असतं, आपल्या नेहमीच्या हिरव्या, बिनबियांच्या थॉमसन द्राक्षात जवळजवळ नाहीच. गंमत बघा, ग्रेप फ्लेवरच्या गोळ्या, च्युइंगम, जांभळं सोडा या सगळ्यांत हाच वास घालतात. मी लहानपणी तसली गोळी चोखताना कायम विचार करायचे की याला द्राक्षं का म्हणतात, द्राक्षाची चव तर कुठेच लागत नाही. सांगलीकडच्या तासगावच्या, हिरव्या द्राक्षांवर वाढलेल्या पोरीला कशी लागणार. बंगलोरच्या पोराला मात्र ती बरोब्बर द्राक्षाचीच लागत असणार.

राहिलं डोळ्यांतलं पाणी. एक प्रयोग करा, नाक घट्ट चिमटीत धरून तेच द्राक्ष चावा. नुसतं गोड-आंबट पाणी लागेल. मग नाक सोडा, सोडल्या सोडल्या सगळं द्राक्ष एकदम येईल. म्हणजे ज्याला आपण चव म्हणतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात चढलेला वास असतो. बाकीच्या संवेदना, बघणं-ऐकणं वगैरे, मेंदूत आधी एका जंक्शनला थांबून पुढे जातात, वासाची गाडी मात्र तिथे न थांबता थेट भावना आणि आठवणी जिथे असतात त्या भागात घुसते. त्यामुळे हे काय आहे हे कळायच्या आत रडू येतं. तुम्हाला 'मल्लेश्वरम' हा शब्द सुचायच्या आधी लाल फरशी दिसली असेल, बघा आठवून.

आणि सप्टेंबर आला की पुन्हा आणा ती द्राक्षं, या खेपेस दोन-अडीच किलो. देठ काढून पातेल्यात घ्या, वाटीभर पाणी, मंद आचेवर सालं सुटेपर्यंत ठेवा, पळीच्या पाठीने रगडा, फडक्यातून गाळा, साखर चवीपुरती. बिया गाळण्यात जातात, मिक्सरला मात्र लावू नका, बिया फुटल्या की कडू होतं. बंगलोर ब्लूचा घरचा रस असाच करतात. मावसभावाला फोन केला की नाही ते तुम्ही लिहिलंच नाहीत. करा, आणि जीभ दाखवा.

प्रश्न : काकू, माझं वय ६३, पण काकूच म्हणते, सगळेच म्हणतात. माझं बालपण सिकंदराबादला रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. वडील पगाराच्या दिवशी द्राक्षं आणायचे, लांबट, फिकट, पिकली की मधासारखा रंग. आम्ही चार भावंडं, आई प्रत्येकाला मोजून बारा मणी द्यायची. बिया असायच्या, गिळली तर पोटात वेल उगवेल आणि कानातून बाहेर येईल म्हणून भाऊ घाबरवायचा, मी एकदा खरंच रात्रभर कान चाचपत बसले होते. आता तशी द्राक्षं दिसत नाहीत. माझ्या मिस्टरांचं, ते नाशिकचे, म्हणणं असं की पूर्वीची द्राक्षं खूप गोड होती, आता चवच राहिली नाही. मला तर माझी चांगली आंबट आठवतात. आमचा यावरून दर वर्षी वाद होतो, तुम्हीच मिटवा.
— डोंबिवली

उत्तर : तुमच्या बाजूने निकाल. तुमची ती अनाब-ए-शाही. हैदराबादच्या आसपास एके काळी तिचेच मांडव होते, भरमसाट पीक, मोठा मणी, पण बिया, आणि साखर थॉमसनपेक्षा कमीच. पुढे बिनबियांच्या द्राक्षांना भाव जास्त मिळायला लागला, शिवाय हैदराबाद शहरच पसरत पसरत बागांवर आलं, मग गेली ती.

मिस्टरांच्या नाशिकला जुन्या काळी भोकरी असायची, तिलाही बिया, आणि तिला गोड म्हणणारा माणूस एक तर फार भुकेलेला असणार किंवा फार प्रेमळ. फकडी, साहेबी, हबशी अशीही नावं जुन्या लोकांच्या तोंडात असतात. साठच्या दशकात आपल्याकडे थॉमसन सीडलेस आली आणि चित्रच पालटलं, 1960 मध्येच द्राक्ष बागायतदार संघ निघाला होता, लोक हौसेने प्रयोग करायचे. थॉमसनच्याच वेलीवर कुणाला वेगळी फांदी दिसली, कुणी ती जपली आणि वाढवली, त्यातून आमच्या तासगाव तालुक्यातल्या बोरगावात तास-ए-गणेश निघाली. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळ्यांनी लांब मण्याची सोनाका काढली, काळी शरद सीडलेस पण त्यांचीच. कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत नव्हे हो, शेतात, रोज वेलीकडे बघणाऱ्या माणसांनी. हे मला फार भारी वाटतं म्हणून विषय सोडून सांगितलं.

तर मुद्दा असा की साखर आज जास्त आहे, कमी नाही. कमी झालाय तो आंबटपणा, आणि मिस्टरांना 'चव नाही' वाटतं ते बहुधा त्याचंच. पूर्वी घडात चार मणी गोड, दोन आंबट, एखादा अगदी तोंड वाकडं करणारा, पुढचा कसा निघेल याचा भरवसा नाही. आता पहिला मणी तसाच पन्नासावा. त्यात आकार. थॉमसनचा मणी स्वतःच्या मर्जीने वाढू दिला तर हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा होईल इतपतच, म्हणून घड जीएच्या पाण्यात बुडवतात, जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, वाढीचं संजीवक, त्याने मणी लांबतो आणि फुगतो. बाजाराला मोठा मणी लागतो, शेतकरी देतो, त्याला नावं ठेवू नका.

वाद अजूनही मिटला नाही तर एक करा. सीझनच्या अगदी सुरुवातीची, थोडी कचवट द्राक्षं आणा आणि मिस्टरांना मोजून बारा द्या. तेरावा मागितला तर नाही म्हणा.

प्रश्न : हाय काकू, मी वाकडला राहते, मुलगा तीन वर्षांचा. द्राक्षांवर जी पांढरी पावडर असते ती औषध असते ना? मी मीठ, सोडा, व्हिनेगर सगळं करून झालं, तरी टेन्शन येतं. माझी आजी मला एकेक द्राक्ष सोलून द्यायची, अक्षरशः सोलून, बशीत हिरवे काचेचे मणी ठेवल्यासारखे दिसायचे. मी पण तसं करू का? जॉब करून कसं जमणार?
— एक दमलेली आई

उत्तर : आजीला नमस्कार सांगा, असतील तर. नसतील तर मनातल्या मनात सांगा. सोलू नका, चांगलं सालातच असतं.

सगळ्या मण्यावर एकसारखी जी पांढुरकी लव असते, बोट फिरवलं की पुसली जाते आणि खालून चकचकीत मणी निघतो, ते औषध नाही, ते द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे. वेलच ते तयार करते, पाणी आत-बाहेर जाऊ नये म्हणून. उलट ती लव शाबूत असेल तर माल ताजा आहे, फार हाताळलेला नाही असं समजा. फवारणीचा डाग वेगळा दिसतो, थेंब वाळल्यासारखा, कडेला जास्त, मधे कमी, कधी निळसर, एका मण्यावर आहे आणि शेजारच्यावर नाही असा. दोन्हींसाठी उपाय तोच, घड वाहत्या नळाखाली धरा, नंतर मणी सुटे करून पाण्यात हाताने चोळून दोनदा धुवा. साबण नको. पेटी आणलीत तर आत एक पांढरा कागदी पॅड असतो, त्यातून गंधकाचा वायू सुटतो, बुरशी लागू नये म्हणून, तो काढून टाका आणि द्राक्षं थोडा वेळ उघडी ठेवा.

टेन्शन घ्यायचंच असेल तर दुसऱ्या गोष्टीचं घ्या, आणि हे मी सगळ्यांनाच सांगतेय. तीन वर्षांच्या पोराला अख्खं द्राक्ष देऊ नका. आकार नेमका श्वासनळीत बुचासारखा बसेल असा असतो, आणि गुळगुळीत, काढायला हाताला लागत नाही. उभे काप करायचे, आडवे नाही, एका मण्याचे चार, पाच वर्षांचा होईपर्यंत. खाताना बसवून खायला घालायचं, पळता पळता नाही. आजी सोलायची ना, तेवढा वेळ लागत नाही याला.

प्रश्न : ताई, मी कवठेमहांकाळकडचा, आता चाकणला कंपनीत आहे. माझी आई बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची, देठ काढायला आणि निवडायला. मी शाळेतून सरळ शेडवरच जायचो. बागेत गळून पडलेले मणी मालक लोक न्यायला द्यायचे, आई ते घरी पत्र्यावर जुन्या लुगड्यावर वाळवायची, तपकिरी, चिकट, जरा करपल्यासारखे लागायचे. माझा पगार आता बरा आहे, मी हिरवेगार लांब बेदाणे आणतो, एक नंबर क्वालिटी, पण खाल्ले की काहीच होत नाही. आईला विचारलं तर ती म्हणते तेव्हाचं काय आठवतोस, भिकारपण होतं ते. तसे बेदाणे घरी कसे करायचे?
— चाकण

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण मी पण त्याच भागातली, फक्त मांडवाच्या दुसऱ्या बाजूची, आमची बाग होती.

आधी रंगाचं सांगते. वरच्या पत्रात मेणाचं म्हटलं ना, तेच मेण द्राक्ष वाळू देत नाही. म्हणून शेडवर द्राक्षं आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, मेण सैल होतं, पाणी भराभर उडतं, आणि सावलीत जाळीच्या रॅकवर बारा-पंधरा दिवसांत बेदाणा तयार. चार किलो द्राक्षांचा साधारण किलोभर. सावली आणि वेग, त्यामुळे हिरवा राहतो, पिवळा हवा असेल तर गंधकाची धुरी देतात. त्या धुरीचा वास तुम्हाला आठवत असेलच, नाकात झिणझिण्या आणणारा, मला अजूनही कुठे काडी पेटवली तरी क्षणभर आमचं शेड दिसतं. तुमच्या आईचे मणी यातलं काहीच न होता कडक उन्हात सावकाश वाळले, त्यात मणी तपकिरी पडतो, म्हणून ती करपल्यासारखी चव. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, पण लुगड्यावरच्या बेदाण्याला कोण देणार.

घरी करायचं तर एप्रिलमधली, चांगली पिकलेली, पिवळट झालेली द्राक्षं घ्या, दोन किलो. देठ काढा, धुवा. पाणी खळखळ उकळून त्यात छोटा चमचा खायचा सोडा टाका, मणी चाळणीत घेऊन त्यात बुडवायचे, मनात दहा मोजायचे आणि उचलून गार पाण्यात. सालावर बारीक भेगा पडतात. आईने बहुतेक हे केलं नसेल, गळलेले मणी आधीच तडकलेले असतात. मग गच्चीत सुती कापडावर एकेरी पसरा, वरून पातळ फडकं, रात्री आत घ्या. आठ-दहा दिवस लागतील, कधी जास्त. मुठीत आवळून सोडले तर सुटे झाले पाहिजेत आणि हाताला ओल लागता कामा नये.

आईच्या बोलण्याचं वाईट वाटून घेऊ नका. मी सातवीत होते तेव्हा मार्चमध्ये एका रात्री गारा पडल्या, आमची बाग आठवड्यावर आलेली होती, व्यापारी येऊन बघून गेलेला. सकाळी मांडवाखाली गेलो तर घोट्याएवढा चिखल आणि त्यात मणी, घडावर राहिलेले पण तडकलेले, माश्या बसलेल्या. वडील काही बोलले नाहीत, पाट्या आणा म्हणाले. पुढचे आठ दिवस आम्ही नुसती द्राक्षं खाल्ली, रस, चटणी, आईने चिंचेच्या जागी घालून आमटी सुद्धा केली, आणि मला सांगायला लाज वाटते पण मला तेव्हा मज्जा वाटली होती, शेजारची पोरं रोज यायची. उरलेली आईने पत्र्यावर वाळवली. अशीच तपकिरी, मधेच दाताखाली खडा यायचा. एक तुपाचा डबा भरला होता, तो दिवाळीपर्यंत पुरला. लक्ष्मीपूजनाला त्यातलेच बेदाणे घालून शिरा केला, वडिलांनी शिरा सगळा खाल्ला आणि बेदाणे वेचून ताटाच्या कडेला ठेवले. माझी ती आवडती चव आहे, त्यांच्यासमोर मी कधी बोलले नाही.

तेव्हा करा, पण आईला आधी सांगून करा. जमलं तर लुगड्याचं कापड तिच्याकडूनच मागून घ्या. आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उरका, नंतर वळीव कधी गाठेल सांगता येत नाही.